पार्टी येणार आहे

आमच्या धाराशिवात घर विकायचं ठरलं की ते आधी शेजाऱ्याला कळतं, मग दलालाला, आणि सगळ्यात शेवटी घरातल्या माणसांना. मामा-मामींनी पुण्याला मुलाकडे कायमचं जायचं की नाही, यावर रात्रीच्या जेवणाला अजून वाद चालू होता. तोवर सकाळी दूधवाल्यानं माप ओतता ओतता विचारलं, “गुरुजी, किती सांगायलाव घराचं?” मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. कुणी आकडा विचारला की उत्तर द्यायचंच, ही हाडात मुरलेली सवय. त्यांनी आकडा सांगून टाकला. दुपारपर्यंत तो बार्शी नाक्यावर पोचला, आणि पोचेपर्यंत दोन लाखांनी वाढला होता.

संध्याकाळी मध्यस्थ दारात हजर. आमच्याकडे दलाल स्वतःला दलाल म्हणवून घेत नाही. “आपण काय, नुसती गाठ घालून देतो,” असं म्हणतो आणि गाठीच्या दोन्ही टोकांकडून टक्के घेतो. गिऱ्हाइकालाही तो गिऱ्हाईक म्हणत नाही. “रविवारी पार्टी आणतो गुरुजी. पक्की पार्टी. रोखीची.” रोखीची नसलेली पार्टी आजवर कुठल्या मध्यस्थानं आणल्याचं ऐकिवात नाही, आणि व्यवहाराच्या दिवशी रोख मोजणारी पार्टी कुणी पाहिल्याचंही.

एवढ्यावर भागलं असतं तर पुढचं रामायण घडलं नसतं. पण मामांचा नातू पुण्याला हिंजवडीत नोकरीला. त्याला फोनवर बातमी कळली आणि शनिवारी सकाळी तो दोन मोठ्या पिशव्या घेऊन उतरला. “आबा, घर असं दाखवायचं नसतं. आधी स्टेजिंग करावं लागतं.” स्टेज म्हटल्यावर मामांना शाळेचं गॅदरिंग आठवलं. त्यांनी विचारलं, “पडदा कोण ओढणार?”

मग नातवानं इतिहास सांगितला. अमेरिकेत, सिएटलच्या बाजूला, बार्ब श्वार्ट्झ नावाच्या बाई घरं विकायच्या. नाटकाचा सेट लावावा तसं घर लावून ठेवलं तर ते लवकर विकलं जातं, हे त्यांच्या डोक्यात आलं १९७२ साली. आज तिकडे हा मोठा धंदा आहे. भाड्यानं सोफे मिळतात, भाड्यानं चित्रं मिळतात, गिऱ्हाईक यायच्या आधी ओव्हनमध्ये बिस्किटं भाजायला ठेवतात, का तर घरात शिरल्या शिरल्या माणसाला आईची आठवण यावी.

“किती साली म्हणालास?” मामांनी विचारलं.

“बहात्तर.”

बहात्तर हा आकडा मराठवाड्यात म्हाताऱ्या माणसांसमोर सहज उच्चारू नये. तिकडे बाई उशांच्या घड्या सारख्या करत होत्या तेव्हा इकडे शाळकरी वयातले मामा दुष्काळी कामावर खडी फोडत होते आणि रेशनवर आलेली अमेरिकेची तांबडी मिलो खात होते. मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे मिलो पण त्यांचीच अन् हे पण त्यांचंच. मिलो निदान पोटात तरी जात होती.”

नातू हरणारा नव्हता. या शास्त्राचा पहिला नियम असा, की घरातून तुमच्या खुणा पुसून टाका. येणाऱ्याला ते घर स्वतःचं वाटलं पाहिजे. तुमचा फोटो दिसला की त्याला ते तुमचं वाटतं. आता मामींच्या बैठकीच्या खोलीत खुणा सोडून दुसरं होतं काय? समोर चंदनाचा हार घातलेले मामींचे सासरे. त्यांच्या शेजारी कवड्यांची माळ अडकवलेली तुळजाभवानी. मग मामा शाल-श्रीफळ स्वीकारताना, मुलगा काळा झगा घालून पदवी स्वीकारताना, सून लग्नात काहीच न स्वीकारता कॅमेऱ्याकडे बघताना. पतसंस्थेनं दिलेलं घड्याळ. शोकेसमध्ये एक बाहुली, जिच्यावरचं प्लास्टिक ती घरात आल्यापासून कुणी काढलेलं नाही, कारण काढलं तर ती मळेल. मामी भाजी आणायला गेल्या तेवढ्या वेळात देवीचा फोटो सोडून सगळं खाली उतरलं.

आणि भिंतीवर चौकोन उमटले. भिंत मुळात पिस्ता रंगाची, हे आम्ही सगळेच विसरलो होतो. उन्हानं, उदबत्तीनं आणि पाठ टेकून बसणाऱ्यांच्या खोबरेल तेलानं तिचा रंग केव्हाच बदलला होता. फक्त फोटोंच्या मागे १९९६ सालचा अस्सल पिस्ता शाबूत होता. सासऱ्यांच्या चौकोनात पालीची दोन अंडीही होती, अगदी गोल, पांढरी. नातू त्यावर कपडा फिरवणार, तोच मामी आल्या. पिशवी खाली न ठेवताच त्यांनी विचारलं, “मामंजी कुठंयत?”

“पलंगाखाली ठेवलेत आज्जी. नीट, पेपरात गुंडाळून.”

“जितेपणी त्या माणसानं कुणापुढं मान वाकवली नाही, अन् तू त्यांना पलंगाखाली सारलास व्हय रे?”

मामंजी परत भिंतीवर गेले. बाकीचे चौकोन तसेच राहिले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी घात केला.

रविवारी पार्टी आली. पार्टी म्हणजे एक माणूस नव्हे. घेणारा, त्याची बायको, बायकोचा भाऊ, कुणाचा तरी कॉलेजातला मुलगा, आणि एक जाणकार. हा जाणकार सगळ्या पार्ट्यांत असतो. धोतर किंवा पायजमा, डोक्याला टोपी, तोंडात काहीतरी. बोलत नाही, हात मागे बांधून फिरतो, आणि निकाल त्याचाच असतो. बाकीच्यांनी घर कितीही वाखाणू दे, परत जाताना गाडीत बसल्यावर जाणकार एक वाक्य बोलतो आणि तिथं व्यवहार एक तर होतो किंवा मोडतो.

नातवानं पहाटे उठून मांडणी केली होती. सोफ्यावर सहा उशा, त्याही त्रिकोणी उभ्या. टीपॉयवर काचेच्या भांड्यात गुळगुळीत पांढरे गोटे. कोपऱ्यात सुगंधी मेणबत्ती, व्हॅनिलाची. खोलीत येताच पार्टीतल्या बाई दारातच थबकल्या. त्यांनी आधी सोफा पाहिला. मग दबक्या आवाजात मामींना विचारलं, “एवढ्या उशा? कुणी आजारी हाय का घरात?” सोफ्यावर बसायला जागाच उरली नव्हती, त्यामुळे पाहुणे खाली सतरंजीवर बसले आणि उशा वर बसल्या. पार्टीतल्या मुलानं एक गोटा उचलून बघितला, खायचा नाही हे लक्षात आल्यावर परत ठेवला.

बाईंनी नाक वर करून दोनदा हुंगलं. “वास कशाचा यायलाय?”

“व्हॅनिला,” नातू म्हणाला.

“कशाला लावलंय?”

याला उत्तर नव्हतं. आमच्याकडे घराला वास दोनच कारणांनी येतो: एक तर फोडणी दिली म्हणून, नाही तर नाली तुंबली म्हणून. फोडणी दिसत नव्हती. बाई तडक उठून मागच्या दारी गेल्या, मोरीचं झाकण बघितलं, शेजारच्या सांडपाण्याची वाट बघितली, आणि काहीही सापडलं नाही तरी समाधान न पावता परत आल्या. सापडलं नाही याचा अर्थ फार खोल आहे, एवढाच त्यांनी काढला. इकडे बायकोचा भाऊ भिंतीवरच्या पिस्ता चौकोनांवर बोटाच्या पेरानं टकटक करून बघत होता. “हितं तडा बुजवलाय का?”

मध्यस्थानं मागाहून मामांना बाजूला घेऊन सांगितलं, “गुरुजी, बरं झालं रंग दिला नाही. रंग नवा म्हणजे ओल जुनी, हे लेकरालासुद्धा कळतंय. जुनं जसं आहे तसं ठेवा. डाग दिसला की माणसाला दम पडतोय, एवढंच हाय म्हणून.” माझ्या मते घर विकण्यावर आजवर जे काही लिहिलं गेलं असेल त्यात एवढं शहाणपणाचं वाक्य नसेल. पण नातू तेव्हा मेणबत्ती विझवत होता.

खरा प्रसंग न्हाणीघरात घडला. नातवाच्या पुस्तकात होतं की न्हाणीघर हॉटेलसारखं दिसलं पाहिजे. म्हणून त्यानं आदल्या रात्री ॲसिड टाकून फरशी घासली, नळाच्या जुन्या तोट्या बदलल्या आणि बाजारातून दोन नव्या कोऱ्या बादल्या आणल्या, एक निळी, एक मोरपंखी. मामींची जुनी बादली माळ्यावर गेली. त्या बादलीच्या काठावर पांढऱ्या क्षाराचा जाड थर होता, नखानं खरवडला तरी निघायचा नाही. आमच्याकडच्या बोअरचं पाणीच तसं जड. तोटीवर पापडी बसते, गिझर पोटातून दगडाचा होतो, डाळ शिजता शिजत नाही आणि साबणाला फेस आणायचा तर मनगटात जोर लागतो.

जाणकार आत गेला. त्यानं तोटीवरून अंगठा फिरवला. बादली उलटी करून बुड बघितलं. फरशीच्या कोपऱ्याशी वाकून बघितलं. बाहेर येऊन पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“बोअर किती फुटाची?”

“तीनशे साठ,” मामा म्हणाले.

“पाणी?”

“दोन इंच.”

“हूं.” जाणकारानं चपला घातल्या. गाडीत बसल्यावर तो जे बोलला ते मध्यस्थामार्फत आम्हाला रात्री कळलं. “तोटीवर पापडी नाही, बादलीला थर नाही, फरशी कोरी. त्या घरात बोअरचं पाणी कधी सांडलंच नाही. टँकरवर दिवस काढायलेत बिचारे.”

पार्टी गेली. मामी माळ्यावरून बादली उतरवताना काहीही बोलल्या नाहीत, आणि हे न बोलणं नातवाला फार लागलं.

परदेशातल्या पुस्तकांत आणि आमच्यात फरक आहे तो इथं. तिकडे गिऱ्हाईक डोळ्यांनी घर घेतं. आमच्याकडे घर पाण्याभोवती बांधलेलं असतं. खोल्या म्हणजे बोअर, हौद आणि गच्चीवरची टाकी यांच्या मधली मोकळी जागा. नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे कुठल्या दिवशी येतं, किती वाजता येतं, मोटार लावावी लागते का आणि शेजारी मोटार लावतो का, या चार प्रश्नांच्या उत्तरांवर लाखाचा फरक पडतो. म्हणून आमच्याकडे सजवायचं तर पाणी सजवतात. एका ओळखीच्या गृहस्थांनी पार्टी यायच्या दिवशी पहाटे टँकर मागवून हौद काठोकाठ भरला होता आणि वरून टाकी अशी वाहू दिली होती की गच्चीच्या पन्हाळीतून अंगणात धार लागली. घेणारा खूश व्हायला हवा होता. तो म्हणाला, “पाण्याच्या गावात राहणारा माणूस टाकी वाहायला लागली की पळत जाऊन मोटार बंद करतोय. तुम्ही बसून राहिलाव.”

याच कारणानं आमच्याकडे घर विकण्याचा आणि घेण्याचा हंगाम एक नसतो. विकणारा दाखवतो दिवाळीत, घेणारा बघतो मे महिन्यात. बालाघाटच्या या अंगाला पाऊस मुळात कमी; त्यातला भरवशाचा जो काही पडतो तो बऱ्याचदा सप्टेंबरात. त्यामुळे दिवाळीला कोरडी विहीरसुद्धा दागिने घातल्यासारखी दिसते. अक्षय तृतीयेला तीच बोअर दहा मिनिटं पाणी ओढून हवा ओकू लागते. दिवाळीत घर घेणाऱ्याला आमच्याकडे भोळा म्हणतात, आणि मेमध्ये घर दाखवणाऱ्याला अडलेला.

पाण्याच्या खालोखाल कॉलम. एकेकाळी इकडे घराची प्रतिष्ठा भिंतीच्या जाडीवरून ठरायची. दगड-मातीची दोन-अडीच फुटी भिंत, वर लाकडाच्या तुळया आणि मातीचं जाड माळवद. उन्हाळ्यात आत गेलं की थंडगार. भिंत जेवढी रुंद तेवढं खानदान मोठं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र उतरताना, पावणेचारच्या पुढे जमीन हलली आणि किल्लारीपासून सास्तूरपर्यंत त्याच भिंती, तीच माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. यात विनोद करण्यासारखं काही नाही. पण त्या दिवसापासून या भागात घर बघायला आलेल्या माणसाचा प्रश्न बदलला तो बदललाच. भिंत किती रुंद, असं आता कुणी विचारत नाही. विचारतात, कॉलम किती? सळई किती एमएमची?

मामांनी १९९६ मध्ये घर बांधलं ते याच धास्तीत. स्लॅब टाकायच्या आधी त्यांनी फोटोग्राफरला बोलावून लोखंडाचे फोटो काढून घेतले. एरवी मुलाच्या मुंजीचेसुद्धा त्यांनी मोजून बारा फोटो काढू दिले होते. लोखंडासाठी आख्खा रोल संपवला. त्या अल्बममध्ये सळयांची जाळी आहे, रिंगा आहेत, कॉलमच्या खड्ड्यात उभे असलेले तरुण मामा हातात फूटपट्टी धरून आहेत. हा अल्बम नातवानं ‘पसारा’ म्हणून कपाटात कोंबला होता. दुसऱ्या पार्टीच्या वेळी मामांनीच तो बाहेर काढला आणि तासभर वर्ग घेतला. पार्टीनं घर असं फारसं बघितलंच नाही. अल्बम मात्र दोनदा बघितला. एका फोटोपाशी थांबून घेणारा म्हणाला, “रिंगा सहा इंचावर हायत की ओ!” हे म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर जो भाव होता तो ताजमहाल बघणाऱ्यांच्या चेहऱ्यावरही नसतो.

ही पार्टी जवळजवळ ठरली होती. आडवी आली ती दिशा. घराचं तोंड दक्षिणेला. दक्षिण म्हटल्यावर पार्टीबरोबर आलेल्या भाचेबुवांनी मोबाइलमधलं होकायंत्र काढलं, ते लोखंडी तिजोरीजवळ धरलं, आणि घर एकदम आग्नेयेला वळलं. अंगणात धरलं तर नैर्ऋत्येला. मध्यस्थानं मोबाइल खाली करायला लावला. “अहो, होकायंत्र कशाला पाहिजे? हितून सरळ नाकासमोर वीस-पंचवीस किलोमीटरवर काय आहे सांगा.”

“तुळजापूर.”

“मग? आईकडं तोंड असलेलं घर कुठं अशुभ असतंय व्हय?”

वास्तुशास्त्राच्या कुठल्याही ग्रंथात याला उत्तर नसावं. भाचेबुवांनी मोबाइल खिशात घातला. नातू आतल्या खोलीतून हे ऐकत होता. त्यानं नंतर मला सांगितलं की दोन पिशव्या सामानाला त्याला जेवढा खर्च आला तेवढ्यात या मध्यस्थाला पुण्यात नेता आलं असतं. (ही पार्टी शेवटी बँकेच्या कर्जात अडकली. रोखीची होती.)

आपल्याकडे घर लावून दाखवायची कला नव्हतीच असं मात्र कुणी समजू नये. खरेदीसाठी नसेल, सोयरिकीसाठी होती आणि आहे. मुलीकडची माणसं मुलाचं घर बघायला येणार म्हटलं की खेड्यात आदल्या रात्री जी उलथापालथ चालते तिच्यापुढे सिएटलच्या बाई शिकाऊ वाटतील. भावकीतली बैलजोडी आणून आपल्या दावणीला बांधायची. पोत्यात तळाला भुसा, वर चार बोटं ज्वारी, आणि अशी पोती ओसरीत थप्पी लावून. चुलत्याचा ट्रॅक्टर दारात तिरका उभा करायचा, म्हणजे नंबर वाचता येत नाही. मुलीच्या मामानं पोत्यात हात घातला तर कोपरापर्यंत घालणार नाही, एवढ्या मर्यादेवर सगळा संसार उभा. पण मुलीचा मामाही असाच कुठंतरी भुसा भरून आलेला असतो, म्हणून तो कोपरापर्यंत हात घालत नाही. हल्ली ज्वारी गेली. आता भिंतीवर एसी दिसतो आणि बाहेरून बघितलं तर त्याची नळी कुठंच जात नाही. मुलींची संख्या घटल्यापासून या सजावटीला फार तेज आलं आहे. एका ठिकाणी नवी कोरी न्हाणी, कमोडसकट, फक्त बघण्यासाठी बांधलेली मी पाहिली आहे. लग्न झालं, आणि मग त्यात सरपण भरलं.

पुण्यामुंबईच्या बिल्डरांचा नमुना फ्लॅट याच जातीचा, फक्त दिवे जास्त. मामा-मामींना मुलानं असा एक फ्लॅट दाखवायला नेलं होतं. पलंगावर रेशमी चादर, टेबलावर चार ताटं मांडलेली, कपाटाला दारं नाहीत, खोल्यांना दारं नाहीत, सगळीकडे आरसे. रेरा कायदा आल्यापासून, म्हणजे महाराष्ट्रात २०१७ पासून, बिल्डरला चटई क्षेत्र कागदावर सांगावंच लागतं. पलंगाची लांबी मात्र कायद्यात नाही. मामा सरळ चपला काढून त्या पलंगावर आडवे झाले. पाय घोट्यापासून बाहेर. तिथली मुलगी धावत आली, “सर, सर, तो डिस्प्ले आहे.” मामांनी झोपूनच खिशातली टेप काढली आणि मुलाला दुसरं टोक धरायला लावलं. पाच फूट चार इंच. मामी म्हणाल्या, “ह्या घरात राहायचं म्हणजे आधी आखडून घ्यावं लागंल.”

असो. नातवाच्या उशा, गोटे, मेणबत्त्या यांची थट्टा करणं सोपं आहे. त्याचं चुकत होतं ते सामानात नव्हतं. त्याला वाटत होतं सजवायचं ते घर. आमच्याकडे घर कसंही चालतं. सजवावं लागतं ते घर विकण्याचं कारण. कारण धाराशिवात माणूस घर बांधतो, वाढवतो, वाटून घेतो, त्यावरून कोर्टात जातो, विकत नाही. विकायला काढलं म्हणजे काहीतरी घडलं. त्यामुळे प्रत्येक पार्टीचा, चहा आल्यानंतरचा, बशीत बघत विचारलेला प्रश्न एकच: “मग विकायलाव कशापायी?”

याची उत्तरं ठरलेली आहेत आणि त्यांचा भावही. “पोरं पुण्याला असतात,” हे सगळ्यात उंची उत्तर. यात पोरं आहेत, ती कमावती आहेत आणि म्हाताऱ्यांना बोलावतात, असे तीन दागिने एकदम दिसतात. “वर चढवत नाही” हे मध्यम. पण मग घेणारा पायऱ्या मोजतो. कर्ज हे कारण कधीच नसतं, ज्याला असतं त्यालाही नसतं. भाऊबंदकी तर उच्चारायचीच नाही, नाही तर घेणारा वारसांच्या सह्या मोजायला बसतो आणि नांदेडची बहीण, जिची आठवण वीस वर्षं कुणी काढली नाही, ती हक्कसोडपत्रासाठी एकाएकी सगळ्यांना प्रिय होते. आणि काही झालं तरी म्हणावंच लागतं, “हे घर आम्हाला लई लाभलं.” न लाभलेलं घर कोण घेईल? पण लाभलं म्हणताक्षणी समोरचा म्हणणार, “लाभलं तर मग राहा की!” या खिंडीतून जो सहीसलामत बाहेर पडला त्याचं घर विकलं गेलं.

एवढं करूनही पार्टीनं खरी चौकशी तुमच्या दारात यायच्या आधीच कोपऱ्यावरच्या टपरीवर केलेली असते. एक चहा, अर्धा तास. तुमचे पगार, तुमचं भांडण, तुमच्या हौदाची खोली, सगळं तिथं तोंडपाठ असतं. मध्यस्थानं नातवाला शेवटी सांगितलंच, “त्या उशांच्या पैशात टपरीवाल्याची महिनाभराची उधारी मिटली असती, दादा.”

घर अखेर घेतलं ते भूम तालुक्यातल्या एका निवृत्त कंडक्टरांनी. तेव्हा मे महिना होता, नातू पुण्याला परत गेला होता, भिंतीवर सगळी मंडळी आपापल्या चौकोनात परतली होती आणि न्हाणीत थर बसलेली बादली दिमाखात उभी होती. कंडक्टरसाहेबांनी येताना कुंथलगिरीचा पेढा आणला होता, विकत घ्यायला आलेला माणूस पेढा घेऊन येतो म्हणजे त्याचं ठरलेलं आहे, हे मामांनी ओळखलं आणि भाव धरून ठेवला. कागद बघणाऱ्या मुलाला खरेदीखतावर उस्मानाबाद आणि घरपट्टीच्या नव्या पावतीवर धाराशिव दिसलं, तेव्हा त्याला क्षणभर दोन गावांत दोन घरं असल्यासारखं वाटलं. तिकीट फाडण्यात हयात गेलेल्या वडिलांनी त्याला गप्प केलं. “गाडी तीच हाय. पाटी बदललीय.” पण बोलणी खरी केली ती त्यांच्या पत्नीनं. बाईच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, म्हणून मालकीण त्याच होणार होत्या आणि त्या तशा वागायलाही लागल्या होत्या. त्यांनी खोल्या बघितल्या नाहीत. ओट्यापाशी उभं राहून पाठ दुखते का ते बघितलं, गच्चीवर पापड वाळत घालायला सावली नेमकी कुठून येते ते बघितलं, आणि मामींच्या परवानगीनं तो जुना गिझर चालू करून त्याचा आवाज ऐकला.

इसार झाला. पावतीवर सह्या झाल्या. पुरुषमंडळी बाहेर खुर्च्या टाकून बसली. आणि मामी, ज्यांनी चार महिने ‘घर लई लाभलं’ याच्या पलीकडे एक शब्द काढला नव्हता, त्या बाईंचा हात धरून त्यांना आत घेऊन गेल्या. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो होतो, म्हणून ऐकलं. पावसाळ्यात जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर वरून थेंब पडतो, तिथं पातेलं ठेवायचं. मागची कडी वर उचलूनच सरकवायची, नाही तर लागत नाही. स्लॅबच्या त्या कोपऱ्यात मुंग्या निघतात, दर गौरीच्या सुमारास. बोअर मेच्या शेवटच्या आठवड्यात थकते, मोटार पंधरा मिनिटांच्या वर चालवायची नाही. डाव्या हाताचे शेजारी चांगले आहेत, पण साखर दिली की परत येत नाही. मामी एकामागून एक सांगत होत्या, जसं काही मुलीला सासरी पाठवताना तिच्या खोडी सासूला सांगाव्यात, आणि सांगता सांगता त्यांचाच जीव हलका होत होता. बाई ऐकत होत्या. मान हलवत होत्या.

शेवटी मामी थांबल्या. म्हणाल्या, “तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं. रागावू नका.”

“राग कशाचा ताई,” बाई म्हणाल्या. “माझी नणंद ह्याच गल्लीत सहा वर्षं भाड्यानं होती. म्हणून तर दीड लाख कमी लावले की आम्ही.”